गस्तीवरच्या पोरांना मारहाण झाली, तर फौजदारी कायद्यात त्यांच्यासाठी काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात घरफोड्या वाढल्या म्हणून पोलीस ठाण्याने पुढाकार घेऊन ग्राम सुरक्षा दल उभं केलं. बारा पोरं, प्रत्येकाला शिट्टी, काठी, टी-शर्ट आणि ठाण्याचा शिक्का असलेलं ओळखपत्र. पंधरा दिवसांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला नदीकडून वाळू भरून येणारा ट्रॅक्टर त्यांनी थांबवला. मागून दुचाकींवर आणखी माणसं आली. सहा जणांनी मिळून दलातल्या दोघांना मारलं. एकाचा पुढचा दात पडला, दुसऱ्याच्या खांद्यावर लोखंडी टॉमी बसली. ठाण्यात फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली गेली. 'आम्ही तुमचंच काम करत होतो, मग ३५३ का लावत नाही?' असं, म्हणजे सरकारी नोकरावरच्या हल्ल्याच्या जुन्या कलमाबद्दल, विचारल्यावर उत्तर मिळालं, 'तुम्ही सरकारी नोकर थोडेच आहात!' दलाचे प्रमुख विचारतात की स्वयंसेवकांना कायद्यात काही संरक्षण आहे का, आणि नसेल तर पोरांना पुन्हा रात्री कोणत्या तोंडाने बाहेर बोलवायचं.

मी सव्वीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. अशा प्रकरणांत मी मार खाणाऱ्यांच्या बाजूनेही उभा राहिलो आहे आणि आरोपींच्या बाजूनेही. त्यामुळे असे खटले कुठे टिकतात आणि कुठे फाटतात, ते दोन्हीकडून पाहिलेलं आहे. आधी तुमच्या प्रकरणातली तातडीची गोष्ट सांगतो, कारण त्यात रोज उशीर होतो आहे.

तुमची एनसी चुकीची आहे, आणि ती चूक ठरवायला तुम्ही सरकारी नोकर असण्याची काहीच गरज नाही. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये 'गंभीर दुखापत' कशाला म्हणायचं याची यादी आहे. हाड मोडणं किंवा निखळणं जसं त्यात आहे, तसंच दात मोडणं किंवा निखळणंही आहे. त्यामुळे दात पडला की साधी दुखापत उरत नाही. कलम ११७(२) लागतं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो. अंमलदाराने बहुधा कलम ११५(२), म्हणजे जुनं ३२३, धरून कागद लिहिला असेल. चापटी-बुक्क्यांची साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणून एनसी. त्या रात्री फिर्याद देताना 'तोंडावर बुक्की मारली' एवढंच सांगितलं गेलं असेल आणि दाताचा उल्लेख राहिला असेल, तर हे नेमकं असंच घडतं. मी हे किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही. पोरगं तोंडावर रुमाल धरून बसलेलं असतं, बोलता येत नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी सांगतो, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कागदावर येत नाही.

आता टॉमी. लोखंडी टॉमी डोक्यात बसली असती तर जीव गेला असता. ज्या वस्तूचा हत्यार म्हणून वापर केल्यास मृत्यू येण्याचा संभव आहे, तिने दुखापत केली तर कलम ११८ येतं. साधी दुखापत असेल तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत. गंभीर असेल तर ११८(२), आणि तिथे किमान एक वर्ष ते थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. खांद्याचा एक्स-रे काढला का? गळपट्टीच्या हाडाला नुसती चीर असली तरी चित्र बदलतं. हाड शाबूत असेल पण त्या पोराला पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या असतील किंवा त्याला आपलं रोजचं काम करता आलं नसेल, तरी ती गंभीर दुखापतच. जुन्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवसांची होती, नव्या संहितेत ती पंधरा झाली. तुमच्या घटनेला आज पंधरा दिवस झाले आहेत. तो मुलगा कामावर गेला नसेल तर कारखान्याचा हजेरीपट, मुकादमाचा जबाब, डॉक्टरने लिहून दिलेली विश्रांतीची चिठ्ठी, हे सगळं आजच जमा करा.

तिसरी गोष्ट आकड्याची. मारणारे सहा होते. पाच किंवा अधिक माणसं अशा समान उद्देशाने एकत्र आली की तो बेकायदेशीर जमाव होतो, त्याने बळ वापरलं की दंगा होतो. कलम १८९, १९०, १९१. यात १९० ला फार किंमत आहे. टॉमी कोणाच्या हातात होती आणि बुक्की कोणाची बसली हे अंधारात दिसलं नाही, तरी जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार धरले जातात. शिवाय तुमच्या पोरांना चालत्या वाटेत घेरून हलू दिलं नाही, तर कलम १२६ चा अन्यायाचा प्रतिबंधही आहे. शिक्षा फार कमी, पण गुन्हा दखलपात्र. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७४(४) प्रमाणे एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर बाकीचे अदखलपात्र असूनही सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं. म्हणजे दात बाजूला ठेवला तरी एनसीवर भागवता आलं नसतं.

हे सगळं कोणत्याही नागरिकाला मिळणारं संरक्षण आहे. त्यात स्वयंसेवक हा शब्दच येत नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा कणा हाच असायला हवा. ३५३ चा हट्ट धरून बसलात तर आरोपीच्या वकिलाचं काम सोपं होईल. कसं, ते सांगतो.

जुनं कलम ३५३ म्हणजे आताचं १३२. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग. लोक याला 'सरकारी कामात अडथळा' म्हणतात, पण नुसत्या अडथळ्याचं कलम वेगळं आहे, २२१, जुनं १८६. त्याला तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे आणि त्या लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. १३२ ला तशी अट नाही, पण तिथे अंगावर येणं किंवा बळाचा वापर लागतो. नुसत्या शब्दांनी ते कलम भरत नाही. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका लिहिली म्हणून एका दांपत्यावर ३५३ लावलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात रद्द केलं.

आणखी एक गैरसमज. महाराष्ट्रात २०१७ च्या राज्य दुरुस्तीने ३५३ ची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली होती आणि खटला सत्र न्यायालयात चालायचा. त्यामुळे '३५३ म्हणजे पाच वर्षं' हे गावोगावी तोंडपाठ झालं. १ जुलै २०२४ ला दंडसंहितेबरोबर ती दुरुस्तीही गेली. आजच्या १३२ मध्ये कमाल दोन वर्षं आहेत. लोकसेवकाला प्रत्यक्ष दुखापत केली तर १२१(१), पाच वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत केली तर १२१(२), किमान एक आणि कमाल दहा वर्षं. आता हे आकडे वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. दाताचे सात, टॉमीने हाड मोडलं असेल तर जन्मठेपेपर्यंत. ज्या ३५३ साठी तुम्ही भांडता आहात ते यापुढे किती हलकं आहे ते दिसेल.

तरी 'आम्ही लोकसेवक आहोत का' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्या स्वयंसेवकांसाठी एकच नाही.

होमगार्डचं सगळ्यात स्पष्ट आहे. १९४६ च्या डिसेंबरमध्ये, जातीय दंगलींच्या काळात मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली आणि १९४७ मध्ये मुंबई होमगार्ड अधिनियम आला. त्या अधिनियमातच लिहिलं आहे की कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखे अधिकार आणि संरक्षण असेल आणि तो दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक समजला जाईल. त्याने कर्तव्यात केलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर पूर्वमंजुरीची अटही आहे. होमगार्डवर बंदोबस्तात हल्ला झाला तर १३२ आणि १२१ निर्विवाद. सिद्ध करायचं एवढंच, की त्या दिवशी त्याला खरोखर कामावर बोलावलं होतं.

नागरी संरक्षण दलाच्या सदस्यांनाही १९६८ च्या कायद्याने काम करत असताना लोकसेवक मानलं आहे. पोलीस पाटील १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेले असतात, मानधन शासन देतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल फारसा वाद होत नाही. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २१ खाली 'विशेष पोलीस अधिकारी' नेमता येतात. दंगलीची किंवा शांतताभंगाची भीती असेल तेव्हा आयुक्त किंवा अधीक्षक लेखी आदेशाने नागरिकांना नेमतात, त्यांना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या काळापुरते त्यांना पोलिसाचेच अधिकार, संरक्षण आणि जबाबदाऱ्या असतात. गणेशोत्सवाच्या काळात अशी प्रमाणपत्रं मी पाहिली आहेत. अनेकांना ती सन्मानपत्रं वाटतात आणि ते ती फ्रेममध्ये लावतात. खरं तर तो कायद्याचा कागद असतो.

तुमचं ग्राम सुरक्षा दल, शहरातले 'पोलीस मित्र', मोहल्ला समित्या, शाळेबाहेर वाहतूक सांभाळणारे स्वयंसेवक, यांचं मात्र नावावरून काहीच ठरत नाही. न्याय संहितेच्या कलम २(२८) मध्ये लोकसेवकाची व्याख्या आहे. अपराध रोखणं किंवा सार्वजनिक सुरक्षितता राखणं हे ज्याचं कर्तव्य आहे असा शासनाचा अधिकारी त्यात येतो. सरकारी पगारातला किंवा सार्वजनिक कामाचं शुल्क सरकारकडून घेणारा माणूस येतो. स्वयंसेवक या दोन्हीत सहज बसत नाही, कारण तो अधिकारी नाही आणि त्याला पैसेही मिळत नाहीत. लोकांचं काम करतो म्हणून माणूस आपोआप लोकसेवक होतो, असं कायदा मानत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९८४ मध्ये अंतुले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की आमदार हा दंडसंहितेच्या कलम २१ च्या अर्थाने लोकसेवक नाही. लाखभर मतं घेऊन निवडून आलेला माणूस त्या व्याख्येत बसला नाही, मग शिट्टी घेऊन फिरणाऱ्या पोराला सहानुभूतीवर कोणी बसवून घेणार नाही.

व्याख्येच्या स्पष्टीकरणात एक फट आहे. नेमणुकीत कायदेशीर दोष असला तरी जो प्रत्यक्ष त्या पदावर काम करतो आहे, तो लोकसेवकच समजायचा. सरकारी वकील याचा आधार घेतात. पण आधी 'पद' असावं लागतं. पदच कोणत्या कायद्याने निर्माण झालं नसेल तर स्पष्टीकरण कशाला चिकटवायचं?

मी आरोपीच्या बाजूने लढवलेला एक खटला सांगतो. यात्रेच्या बंदोबस्तात एका स्वयंसेवकाचं डोकं फुटलं होतं. पोलिसांनी आत्मीयतेने ३५३ आणि ३३२ (आताचं १२१(१)) लावलं होतं. उलटतपासात मी तपास अधिकाऱ्याला एकच कागद मागितला, नेमणुकीचा आदेश. तो आला, पण त्यावरची तारीख घटनेनंतरच्या चौथ्या दिवसाची होती. कोणीतरी मागाहून चांगल्या हेतूनेच तो तयार केला होता. ती दोन्ही कलमं तिथेच पडली, आणि त्यांच्याबरोबर अधिकाऱ्याच्या बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही गेला. त्या स्वयंसेवकाला टाके पडले होते, ते खरे होते, आणि माझ्या अशिलाने मारलं हेही खरं होतं. नुसत्या दुखापतीच्या कलमांवर खटला उभा केला असता तर मला फार काही करता आलं नसतं. मी माझं काम केलं, पण कोर्टाच्या पायरीवर बसलेला तो मुलगा अजून आठवतो. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, मागच्या तारखेचा एकही कागद कोणाकडून करून घेऊ नका, कितीही मोठ्या साहेबाने सुचवलं तरी.

तुम्ही काय मागायचं, तर दलाच्या स्थापनेचा मूळ आदेश. तो कोणाच्या सहीचा आहे, त्यात कोणत्या अधिनियमाचं कलम लिहिलं आहे, सदस्यांची नावं आहेत का, तारीख काय. त्याबरोबर त्या रात्रीच्या स्टेशन डायरीत तुमच्या गस्तीची नोंद आहे का. ठाणे अंमलदाराने 'अमुक गावचे ग्राम सुरक्षा दल गस्तीवर' अशी एक ओळ लिहिली असेल तर तिची किंमत ओळखपत्रापेक्षा कितीतरी जास्त. हे कागद चांगले निघाले तर १२१ आणि १३२ जोडण्याची मागणी जरूर करा, पण मुख्य कलमांच्या शेजारी. आणि त्या रात्री पोलीस पाटील किंवा एखादा शिपाई बरोबर असेल आणि त्याला धक्काबुक्की झाली असेल, तर प्रश्नच मिटला. त्याच्यामुळे १३२ येतं आणि तुमची पोरं त्याचे साक्षीदार होतात. यापुढे गस्तीत शक्य तेव्हा पोलीस पाटलांना बरोबर घ्या असं मी म्हणतो, त्याचं कारण हे.

काही स्वयंसेवकांना वेगळ्या कायद्यांनी छत्र दिलं आहे. आपत्तीत काम करणारे आपदा मित्र किंवा जिल्हा प्राधिकरणाने अधिकृत केलेली माणसं यांना अडथळा केला तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ५१ आहे. एक वर्षापर्यंत शिक्षा, आणि त्या अडथळ्यामुळे जीव गेला किंवा जिवावरचा धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत. तिथे लोकसेवक असण्याची अट नाही, प्राधिकरणाने अधिकृत केलेलं असणं पुरतं. अपघातातल्या जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने २०१९ पासून दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे, पोलीस त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. दारूबंदीसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलांना कायद्याचा पाया मिळाला. या दलांतल्या बायकांना मारहाणीपेक्षा वाळीत टाकण्याचा त्रास जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. पिठाची गिरणी बंद, कार्याचं निमंत्रण बंद. जातपंचायत किंवा गट असं करत असेल तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. हा कायदा फार कमी वापरला जातो. वापरा.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. ट्रॅक्टर थांबवण्याचा अधिकार तुम्हाला होता का?

आरोपींचा वकील पहिला हल्ला इथे करेल. कदाचित त्यांनी उलट तक्रार दिलीच असेल, की पोरांनी रस्ता अडवून पैसे मागितले. वाळूचं वाहन पकडून जप्त करणं हे महसूल अधिकाऱ्यांचं आणि पोलिसांचं काम. नागरिकाला जे मिळतं ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. आपल्या डोळ्यांसमोर कोणी अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला, तर त्याला पकडता येतं, आणि विनाकारण उशीर न करता, कमाल सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सहा तासांची ही मर्यादा नवीन आहे. विनापरवाना वाळू नेणं ही चोरीही ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीचं, माल परत केल्यास, प्रकरण सौम्य केलं आहे आणि ते अदखलपात्र, जामीनपात्र धरलं आहे. म्हणजे नदीच्या काठावर, रात्री दीड वाजता, ट्रॉलीतल्या वाळूची किंमत किती यावर तुमच्या पोरांचा अधिकार लटकतो. हे कोणत्याही स्वयंसेवकाकडून अपेक्षित नाही. म्हणून माझा सल्ला कडक आहे. वाळूची वाहनं थांबवू नका. नंबर टिपा, दुरून व्हिडिओ घ्या, ११२ ला फोन करा, तलाठ्यांना कळवा. तुमचं दल घरफोड्यांसाठी आहे, तेवढंच करा.

या चुकीमुळे मारणाऱ्यांचा गुन्हा मात्र माफ होत नाही. बेकायदा वाळू नेणाऱ्याला कोणी थांबवलं तर त्याचा दात पाडण्याचा हक्क मिळत नाही. फक्त फिर्यादीत खोटं लिहू नका. 'आम्ही बाजूला उभे होतो, त्यांनीच येऊन मारलं' असं सांगण्याचा मोह होईल. बॅटरी दाखवून थांबवलं असेल तर थांबवलं म्हणून लिहा. एक खोटं सापडलं की साक्षीतलं खरंही संशयात जातं.

खासगी बचावाचा हक्क, कलम ३४ ते ४४, स्वयंसेवकालाही आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचा, आपल्या आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्यापुढे तो फार लांबपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही त्याची कडा आहे. चोर जमिनीवर पडला, हात मागे बांधले, की हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक काठी हा तुमचा गुन्हा. झाडाला किंवा खांबाला रात्रभर बांधून ठेवणं हा अन्यायाने डांबून ठेवण्याचा गुन्हा.

इथे मला थोडं थांबायचं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले, अफवांमुळे लोक रात्री पहाऱ्यावर होते त्या काळात. दोन्हीकडे लोक आपलं गाव वाचवतोय असंच समजत होते. नव्या संहितेच्या १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे, आणि तिथे 'मी फक्त उभा होतो' हे म्हणणं सिद्ध करणं किती जड जातं ते मी पाहिलं आहे. तुमच्या दलातल्या प्रत्येकाला हे सांगा, विशेषतः पारधी वस्तीकडच्या किंवा पाल ठोकून राहणाऱ्या माणसांकडे पहिली बॅटरी वळते तेव्हा. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ती नजर अजून गेलेली नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला संशयावरून मारहाण झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, आणि तिथे अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच आडकाठी आहे.

आणि टी-शर्ट. पाठीवर नुसतं 'पोलीस' छापलं असेल तर ते आज बदला. 'ग्राम सुरक्षा दल, स्वयंसेवक' असं पूर्ण लिहा. लोकसेवक असल्याची बतावणी हा कलम २०४ चा गुन्हा आहे, किमान सहा महिन्यांचा. फसवण्याच्या हेतूने तसा पोशाख घालणं कलम २०५ मध्ये येतं. तुमचा हेतू तसा नाही हे मला माहीत आहे, पण उलट तक्रारीत हा पहिला मुद्दा असतो. सरकारी अधिकाऱ्याला खटल्यापासून पूर्वमंजुरीची जी ढाल असते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची, ती तुम्हाला नाही, हेही लक्षात ठेवा.

आता उद्या सकाळी काय करायचं.

ज्याचा दात गेला त्याला सरकारी दंतचिकित्सकाकडे न्या. पडलेला दात जपून ठेवला असेल तर बरोबर घ्या, जबड्याचा एक्स-रे मागा आणि दुखापतीच्या दाखल्यात 'दात निखळला' असं नेमकं यायला हवं. पंधरा दिवसांनी जखम ताजी दिसणार नाही, म्हणून त्या रात्रीच्या केसपेपरची प्रत फार महत्त्वाची. बचावाचं नेहमीचं वाक्य असतं, 'दात आधीपासूनच हलत होता'. आधार कार्डासाठी, लग्नात, कुठेही काढलेला हसरा फोटो शोधून ठेवा. हसू येईल, पण एका प्रकरणात अशाच फोटोने काम झालं.

मग ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या आणि लेखी अर्ज करा, की दाखल्यानुसार कलम ११७(२), ११८, १२६, १९०, १९१ लागतात, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली प्रथम खबर (एफआयआर) नोंदवावी. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे आणि ती हल्ली सर्रास पुढे केली जाते. ११७(२) ची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्यामुळे ते कारण इथे चालत नाही. हे नम्रपणे पण लेखी सांगा. अर्जावर पोहोच घ्या. खबरीची प्रत विनामूल्य मिळते आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

नोंदवून घेतलं नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. पोस्टाची पावती आणि पोहोच जपा, त्यांच्याशिवाय तो अर्ज तग धरत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा.

त्या रात्री कोणी ११२ ला फोन केला होता का, ग्राम सुरक्षा यंत्रणेवरून सगळ्या गावाला कॉल गेला होता का, ते शोधा. त्या कॉलची वेळ ही तुमची सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. गावातल्या दूध संकलन केंद्राचा किंवा पंपाचा सीसीटीव्ही असेल तर आजच लेखी मागणी करा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि पंधरा दिवस आधीच गेले आहेत.

आणि ते सहा जण आता घरी येऊन 'मिटवून घ्या' म्हणतील, त्यात धमकी असेल. साक्ष खोटी द्यायला धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ चा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतचा. दर वेळी तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, ते वहीत लिहा. साक्षीदार संरक्षणासाठी २०१८ च्या योजनेखाली अर्ज करता येतो, सर्वोच्च न्यायालयाने ती योजना महेंद्र चावला प्रकरणात मान्य केली आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचं बंधन घातलं आहे. तुमच्या प्रकरणात दोघा जखमींना तिची गरज लागू शकते.

दलाची पुढची गस्त सुरू करण्याआधी अधीक्षकांच्या सहीचा, कायद्याचं कलम लिहिलेला, सगळ्यांची नावं असलेला आदेश हातात घ्या. तो मिळेपर्यंत पोरांना घरीच झोपू द्या.